तुमच्या हातात कोणती प्रत आहे?

आमच्या गावाचं नाव लिहायचे निदान दोन प्रकार आहेत. कुठे 'मैंदर्गी', कुठे 'मैंदरगी'. इंग्रजी स्पेलिंगांबद्दल तर विचारूच नका. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मध्ये लागतं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडण जोरात आलं की दोन्ही. शाळेत असताना मला ठामपणे वाटायचं की यातलं एक बरोबर असणार आणि दुसरं चूक. थोरल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाटीवर काय आहे ते लिही की. खाली म्हण, दुसऱ्या पाटीवर असं आहे. तुला कोण न्यायाधीश केलंय?"

काका सोलापुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवून डोळे गेले, पण पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपान आणि मग त्याची मागची बाजू वाचायची सवय शेवटपर्यंत होती. गोष्ट नंतर. आधी प्रकाशक कोण, मुद्रक कोण, आवृत्ती कितवी. आम्ही पोरं हसायचो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात मी केलेला एक गाढवपणा.

मी फावल्या वेळात विज्ञानकथांच्या एका मुक्त सूचीत दुरुस्त्या करतो. (हो, शनिवार-रविवारी. हो, फुकट. नाही, लग्न झालंय.) ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' ही यातली सगळ्यात नावाजलेली सूची, १९९५ पासून चालू आहे आणि स्वयंसेवकच ती चालवतात. अशा सूचीची रचना आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळते. एक नोंद कलाकृतीची, आणि तिच्याखाली प्रत्येक प्रकाशनाची वेगळी नोंद. म्हणजे क्लास आणि इन्स्टन्स. 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी एकच, पण तिची प्रकाशनं ढीगभर. प्रत्येकाचा प्रकाशक वेगळा, साल वेगळं, किंमत वेगळी, आयएसबीएन वेगळा, मुखपृष्ठ वेगळं. कुणीही बदल सुचवू शकतो, पण जुना जाणता कार्यकर्ता तो तपासतो आणि मगच तो लागू होतो. आपला कोड रिव्ह्यूच की हा.

तर झालं असं. विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर'च्या ग्राफ्टन या ब्रिटिश प्रकाशनाच्या पेपरबॅक आवृत्तीची नोंद बघत होतो. साल लिहिलं होतं १९८६. ही आवृत्ती माझ्याकडे आहे. कॉलेजात असताना पुण्यात फूटपाथवर घेतली होती, २००३ मध्ये. आतल्या पानावर १९८४ छापलेलं मला लख्ख आठवत होतं. म्हटलं, चुकलंय कुणाचं तरी. बदल टाकला: १९८६ च्या जागी १९८४. कारण: 'माझ्या प्रतीनुसार'.

दोन दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. एकच प्रश्न होता: हे लिहिताना तुमच्या हातात कोणती प्रत आहे?

हातात काय, कपाळ. प्रत मैंदर्गीत होती, ट्रंकेत. नोकरी लागल्यावर कॉलेजची पुस्तकं मी गावी टाकून आलो होतो, त्याला आता वीस वर्षं होत आली.

नाही म्हटलं तरी राग आला. दोन वर्षांच्या फरकानं कुणाचं काय बिघडणार आहे? एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, गुगल केलं की येतं ना सगळं." येतं. पण जे येतं ते कुठल्या तरी नोंदीतूनच येतं, आणि ती नोंद माझ्यासारख्याच कुणीतरी रात्री साडेअकराला, आठवणीच्या जोरावर भरलेली असते. आता तर यंत्रंच उत्तरं देतात. तीही अशाच नोंदी वाचून शिकलेली, आणि चुकीचं सालसुद्धा इतक्या आत्मविश्वासानं सांगतात की उलट प्रश्न विचारायची लाज वाटावी.

सालानं काय बिघडतं याचं एक उदाहरण देतो. जॉन ब्रनरची 'द शॉकवेव्ह रायडर' १९७५ ची. तिच्यात नेटवर्कमध्ये सोडलेला, आपोआप पसरत जाणारा प्रोग्रॅम आहे आणि त्याला 'वर्म' म्हटलंय. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या शॉक आणि हप या दोघांनी १९८२ मध्ये आपल्या अशाच प्रयोगावर निबंध छापला आणि हा शब्द ब्रनरच्या कादंबरीतून घेतल्याचं सांगितलं. म्हणजे कादंबरी आधी, प्रयोग नंतर. आता एखाद्या सूचीत या कादंबरीची फक्त एक पुनर्मुद्रित प्रत असेल आणि कुणी तिचंच साल, समजा १९८८, कादंबरीचं म्हणून टाकलं, तर सगळी गोष्ट उलटी फिरते. लेखकानं संशोधकांकडून शब्द उचलला असं दिसायला लागतं. एका रकान्यातल्या एका आकड्यानं.

सायबरपंकमध्ये हा घोळ जास्तच आहे, कारण हे साहित्य मुळात स्वस्त पेपरबॅकमध्ये जन्मलं. 'सायबरपंक' हा शब्द ब्रूस बेथके यांच्या त्याच नावाच्या कथेतला. ती 'अमेझिंग' मासिकात नोव्हेंबर १९८३ मध्ये आली. 'न्यूरोमॅन्सर' अमेरिकेत जुलै १९८४ मध्ये 'एस' या प्रकाशनानं थेट पेपरबॅकमध्ये काढली, टेरी कार संपादक असलेल्या 'एस सायन्स फिक्शन स्पेशल्स' या मालेत. किंमत २ डॉलर ९५ सेंट. (संगणकाच्या जगाबद्दलची ही कादंबरी गिब्सननं साध्या टाइपरायटरवर लिहिली, हे मला अजूनही भारी वाटतं.) पहिली हार्डकव्हर त्याच वर्षी इंग्लंडात गोलांझनं काढली. अमेरिकेत हार्डकव्हर यायला १९८६ उजाडलं.

जुनी पुस्तकं विकणारे आणि घाईत नोंद करणारे, दोघांनाही पहिली आवृत्ती म्हणजे जाड पुठ्ठ्याची असं वाटत असतं. पण 'न्यूरोमॅन्सर'ला ह्यूगो आणि नेब्युलासोबत फिलिप के. डिक पुरस्कारही मिळाला, आणि तो पुरस्कार अमेरिकेत थेट पेपरबॅकमध्ये निघालेल्या पुस्तकालाच देतात. म्हणजे कुणी अमेरिकन हार्डकव्हरला पहिली आवृत्ती म्हणत असेल तर त्याच पुस्तकाचा पुरस्कार त्याला खोटं पाडतो.

आता आयएसबीएन. आपल्या लोकांचा यावर फार विश्वास. एस प्रकाशनाच्या पहिल्या पेपरबॅकचा नंबर ०-४४१-५६९५६-०. जुन्या दहा अंकी पद्धतीत पहिल्या अंकाला दहानं गुणायचं, दुसऱ्याला नवानं, असं करत शेवटच्याला एकानं. बेरजेला अकरानं भाग गेला पाहिजे. इथे बेरीज येते १९८, म्हणजे अकरा गुणिले अठरा. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही बेरीज फसते आणि चूक पकडली जाते. सुंदर आहे.

पण एसच्या नंतरच्या छपायांवर ०-४४१-५६९५९-५ असा नंबर आहे. करा बेरीज. २०९, म्हणजे अकरा गुणिले एकोणीस. हाही बरोबर! म्हणजे १९८४ च्या पहिल्या छपाईच्या नोंदीत हा दुसरा नंबर चिकटवला तर कुठलाही प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. नंबर खरा, साल खरं, आणि दोन्ही एका ओळीत आले की नोंद खोटी. व्हॅलिडेशन पास झालं म्हणजे डेटा बरोबर, असं मानणाऱ्या प्रत्येकानं (मी धरून) या दोन नंबरांकडे एकदा बघावं.

तेरा अंकांची वेगळीच गंमत. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला. त्याआधीही बारकोडमध्ये ९७८ असायचं, पण पुस्तकाचा नंबर म्हणून छापायचे ते दहाच अंक. तरी १९८४ च्या नोंदीत ९७८ ने सुरू होणारा आकडा सर्रास दिसतो. बहुतेक वेळा कुठल्या तरी स्क्रिप्टनं सगळे जुने नंबर एका रात्रीत बदलून टाकलेले असतात. शोधायला सोयीचं, मान्य. पण पुस्तकावर ते छापलेलं नाही, ही गोष्ट कुठेतरी नोंदवलेली पाहिजे ना!

असो. गावाकडे येतो.

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. काकू मुलीकडे राहायला जाणार, घर भाड्यानं देणार. तिचा फोन आला, "तुझी आणि काकांची मिळून दोन ट्रंका हाईत. येऊन बघ, नाहीतर सोमवारी रद्दीवाला येणारे." शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो, सोलापूर, अक्कलकोट, पुढे वडाप. सकाळी दहाला घरी. काकूनं चहा दिला, भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली आणि ट्रंकेकडे बोट दाखवलं.

'न्यूरोमॅन्सर' सापडली. अर्ध्या पानांना वाळवी. पण शीर्षकपान शाबूत, आणि त्यामागचं पानही. त्यावर काय होतं? ग्राफ्टन, १९८६. त्याखाली, ग्रेट ब्रिटनमध्ये प्रथम प्रकाशन गोलांझ, १९८४. त्याखाली लेखकाचा स्वामित्वहक्क, १९८४. आणि त्याखाली पुनर्मुद्रणांची ओळ. म्हणजे मला जे १९८४ लख्ख आठवत होतं ते होतंच तिथे, आणि एकदा नव्हे, दोनदा. फक्त ते माझ्या पुस्तकाचं नव्हतं. नोंदीतलं १९८६ त्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईसाठी बरोबर होतं, आणि माझी प्रत तीसुद्धा नव्हती, नंतरचं पुनर्मुद्रण होतं. मी एक बरोबर नोंद चुकीची करायला निघालो होतो, आणि कारणाच्या रकान्यात ऐटीत लिहिलं होतं 'माझ्या प्रतीनुसार'.

तिथेच ट्रंकेवर बसून मोबाईलवरून बदल मागे घेतला. रेंजसाठी दोनदा अंगणात जावं लागलं ती गोष्ट वेगळी.

मग काकांची ट्रंक उघडली. इथे मला खरं सांगायचंय ते सुरू होतं. 'न्यूरोमॅन्सर'ची काळजी घ्यायला जगभर माणसं आहेत. माझी एक चूक दोन दिवसांत पकडली गेली. मराठी विज्ञानकथेच्या नोंदीत असं कोण विचारणार?

वर होतं जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. मुखपृष्ठ गेलेलं, पण आतलं पान होतं, आणि त्यावर काकांची पेन्सिल: 'प. आ. १९७९, ही नंतरची'. एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत याच पुस्तकाचं साल मी दोन हजारच्या पुढचं बघितलंय, कारण त्यांच्याकडे आलेली प्रत त्या सालची. पहिल्या प्रकाशनाचा रकानाच नाही. कोणी उद्या त्या यादीवरून आलेख काढला की मराठीत विज्ञानकथा कधी बहरली, तर उत्तर येईल, आयटी पार्क झाल्यावर!

खुद्द नारळीकरांची सुरुवात म्हणजे सूचीकाराची परीक्षाच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. जयंत विष्णु नारळीकर, ज-वि-ना. उलटं केलं की ना-वि-ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. आता जिथे 'जगताप' हे नाव असेल तिथे काय करायचं? खोडून 'नारळीकर' लिहायचं? अजिबात नाही. जगतापच ठेवायचं आणि ते नारळीकरांना जोडायचं. खोडलं की ती सगळी गंमत गेली, आणि परीक्षकांनी नाव न बघता कथा निवडली हा पुरावाही गेला. काकांची पाटी आठवा.

आणि मराठीत सायबरपंकच्या सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक मला विचाराल तर नारळीकरांचंच 'वामन परत न आला'. १९८६ चं, म्हणजे 'न्यूरोमॅन्सर'नंतर दोनच वर्षांनी. निऑनचे दिवे आणि गुंडांच्या गल्ल्या त्यात नाहीत, पण माणसाच्या हाताबाहेर जाऊ शकणारं शहाणं यंत्र आहे, आणि त्याच्या मागे लागलेली लोभी माणसं आहेत. याचा इंग्रजी अवतार कुठल्या नावानं आहे माहितेय? 'द रिटर्न ऑफ वामन'. मराठीत वामन परत येत नाही, इंग्रजीत येतो! एखादा प्रामाणिक, मराठी न येणारा स्वयंसेवक याला पुढचा भाग समजून वेगळी कलाकृती म्हणून नोंदवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यात रोमन लिपीत कुणी 'व्ही' लिहितं, कुणी 'डब्ल्यू'. 'आला'त कुणी एक 'ए' घालतं, कुणी दोन. शोधणाऱ्याला एक पुस्तक चार ठिकाणी सापडतं, किंवा कुठेच सापडत नाही.

आयएसबीएनची मदत इथे मिळत नाही. त्या काळातल्या बहुतेक मराठी पुस्तकांवर तो नाहीच. त्याऐवजी असतं 'गुढीपाडवा', 'विजयादशमी', नाहीतर शके. शके १८९६ म्हणजे इसवी सन १९७४-७५. पण ज्यानं नोंद केली त्यानं 'शके' हा शब्द सोडून दिला की पुस्तक १८९६ चं होतं, आणि टिळकांच्या हयातीत कुणीतरी मराठीत संगणकावर लिहून गेलं असं दिसतं. हसू नका, यंत्रानं वाचलेल्या याद्यांमध्ये असं घडतं. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यातला फरकही कागदावर आहे, व्यवहारात प्रकाशकागणिक बदलतो. म्हणून जे छापलंय ते शब्दशः उतरवायचं, अर्थ खाली टिपेत लावायचा.

कायदा म्हणाल तर आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. पण ग्रंथालयात प्रत असणं वेगळं आणि तिची बिनचूक नोंद घरबसल्या सापडणं वेगळं. आणि मराठीला या कामाची परंपरा नाही असंही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली. ना संगणक, ना झेरॉक्स. आपल्याकडे खिशात कॅमेरा आहे आणि आपण म्हणतो वेळ नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण, म्हणजे ज्यांच्या गावाकडे अजून अशा ट्रंका आहेत त्यांनी, त्या रिकाम्या करायच्या आधी दोन फोटो काढावेत: शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू. एका पुस्तकाला अर्धा मिनिट. पुस्तक ठेवायलाच हवं असं मी म्हणत नाही. वन बीएचकेत राहणाऱ्या माणसाला असले उपदेश करू नयेत. पुस्तक जाऊ दे, पण त्याच्यावर काय छापलं होतं ते तरी राहू दे. आणि फोटो नसेल, प्रत समोर नसेल, तर कितीही खात्री वाटली तरी दुरुस्ती करू नये. हे मी आता अधिकारानं सांगू शकतो.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. सगळेच जण 'छापलंय तसं' म्हणत बसले तर छापील चुकांचाच साठा होईल. प्रकाशकही चुकतात, साल चुकतं, नाव चुकतं. खरंय. पण छापील चूक ही त्या प्रतीची ओळख असते, कधीकधी एकमेव. ती तशीच ठेवून शेजारी खरं काय ते लिहिता येतं. जो आधीच सुधारून टाकतो तो पुढच्या माणसाला तपासायला काहीच ठेवत नाही.

शनिवारी रात्रीपर्यंत त्रेसष्ट पुस्तकांचे फोटो झाले. काकू मधूनमधून येऊन बघत होती. "काय करायलास रे? वाचायलास का नुसतं फोटो काढायलास?" म्हटलं, नुसते फोटो. ती म्हणाली, "तुझा काका पण असंच करायचा, वाचायचा कमी आणि उलटून बघायचा जास्त."

त्रेसष्टपैकी चौदा पुस्तकांवर साल नाहीच. त्यातल्या नवांवर काकांची पेन्सिल आहे, पण त्यांनी ते कुठून घेतलं ते लिहिलेलं नाही. आता ही नऊ सालं नोंदवायची की नाही? पुस्तकावर छापलेली नाहीत, पण पुस्तकावर आहेत. मी ती टिपेत टाकलीयत, 'मालकाच्या हस्ताक्षरात' असं म्हणून, आणि सालाचा रकाना कोरा ठेवलाय. प्रकाशकांच्या जुन्या जाहिराती, दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवरच्या, त्या कुणाकडे असतील तर मला कळवा. त्यांवरून निदान चार-पाच तरी सुटतील असं वाटतंय.

सोमवारी रद्दीवाला आला तेव्हा मी पुण्यात होतो. दोन्ही ट्रंका मिळून चौतीस किलो भरल्या, असं काकू म्हणाली.